वर्षानुवर्षं उभी असलेली जुनी जावा-येझदी मोटरसायकल पुन्हा रस्त्यावर आणायची तर काय काय करायचं, पहिल्यापासून

गावाकडं कुणाच्या तरी गोठ्यात, जिन्याखाली नाहीतर पत्र्याच्या शेडमध्ये एक येझदी उभी असतेच, आजोबांची किंवा काकांची, वर पोती टाकलेली, टायर बसलेले, टाकीचं झाकण गायब. ती बघून आपल्याला पहिली कल्पना सुचते ती रंगाची, मरून करू की काळा, क्रोम कुठनं करून घेऊ. मला तळमळीनं सांगायचंय ते हेच की रंग सगळ्यात शेवटी. गाडी आधी चालली पाहिजे, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे थांबली पाहिजे. रंगापासनं सुरुवात केलेल्या किती गाड्या अर्धवट सोडलेल्या बघितल्यात, टाकी चकचकीत, इंजिन पोत्यात, आणि चार वर्षांनी सगळं मिळून भंगारच्या भावात. म्हणून खाली जो क्रम दिलाय तो शक्यतो मोडू नका.

मी इथं जावा आणि येझदी धरून लिहितोय कारण त्याच गाड्या मला नीट माहितीयत. म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीत १९६१ पासून जावा बनायला लागल्या, १९७३ पासून त्याच येझदी नावानं यायला लागल्या आणि १९९६ ला कारखाना बंद पडला. म्हणजे त्या कारखान्यातली सगळ्यात नवी गाडीसुद्धा आता जवळपास तीस वर्षांची झाली. इंजिन २५० सीसीचं, एक सिलिंडर, टू स्ट्रोक, बोअर म्हणजे सिलिंडरचा व्यास ६५ आणि स्ट्रोक म्हणजे पिस्टनची धाव ७५ मिलिमीटर, पण सायलेन्सर दोन. राजदूत किंवा आरएक्स १०० असेल तरी यातलं बरंचसं लागू पडेल, आकडे तेवढे त्या गाडीचे घ्या.

पाना हातात घ्यायच्या आधी कागद

हे कंटाळवाणं आहे पण इथंच बहुतेकांची गाडी अडते. आरसी बुक शोधा, आणि बुकातला इंजिन नंबर, चेसिस नंबर गाडीवरच्या नंबरशी अक्षर अन् अक्षर जुळतो का बघा. गंजावर रॉकेलचं फडकं मारून, बारीक पॉलिश पेपरनं हलकेच साफ करून वाचा, ग्राइंडर अजिबात लावू नका, नंबर घासला गेला तर सिद्ध करता करता जन्म जाईल. कागद ठेवून पेन्सिलनं छाप घेऊन ठेवा, पुढं आरटीओत लागतोच.

जुन्या गाड्यांचे तीन अक्षरी नंबर असतात, १९८९ च्या आधीचे, एमएच-१२ वगैरे सुरू व्हायच्या आधीचे. यांची नोंद बऱ्याचदा फक्त आरटीओच्या जाड रजिस्टरात असते, ऑनलाइन वाहन पोर्टलवर नंबर टाकला की काहीच येत नाही. घाबरू नका, मूळ आरटीओत अर्ज देऊन बॅकलॉग एन्ट्री, म्हणजे रजिस्टरातली जुनी नोंद ऑनलाइन चढवून, करून घ्यावी लागते, त्याशिवाय ना फी भरता येते ना इन्शुरन्स निघतो. बुक हरवलं असेल तर पोलीस तक्रार आणि फॉर्म २६. गाडी वारलेल्या माणसाच्या नावावर असेल तर मृत्यू दाखला, वारसांची संमती आणि फॉर्म ३१. जिवंत मालकाकडनं घेत असाल तर फॉर्म २९ आणि ३०, आणि सही समोर बसून घ्या, 'नंतर देतो' वर पैसे देऊ नका. दुसऱ्या राज्यातली असेल तर फॉर्म २८ वाली एनओसी.

पंधरा वर्षं झाली की रजिस्ट्रेशन दर पाच वर्षांनी नव्यानं करावं लागतं, फॉर्म २५. वीस वर्षांवरच्या मोटरसायकलला ही फी २०२५ पासून २००० रुपये झालीय, शिवाय आपल्याकडं पर्यावरण कर आणि उशीर झालाय त्याचा दंड वेगळा. यासाठी गाडी स्वतः पासिंगला न्यावी लागते, ब्रेक, लाइट, हॉर्न चालू, त्यामुळं कागदाची चौकशी आधी आणि पासिंग गाडी तयार झाल्यावर. 'पंधरा वर्षांवरची पेट्रोल गाडी चालवताच येत नाही' असं कुणी छातीठोक सांगेल, ती भानगड दिल्ली एनसीआरची आहे, महाराष्ट्रात रीतसर नूतनीकरण होतं.

गाडी पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी असेल तर व्हिंटेज नोंदणीचा पर्याय २०२१ पासून आहे, २०,००० रुपये फी, दहा वर्षं मुदत, नंबरात व्हीए अक्षरं. ऐकायला भारी वाटतं पण त्यावर गाडी रोज चालवता येत नाही, रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढ्यापुरतीच. रविवारी सकाळी सिंहगडाला जायचंय, अधूनमधून बाजारात न्यायचीय, तर साधं नूतनीकरणच बरं. आणि कागद अजिबातच नसतील, मालकाचा पत्ता नाही, तर कितीही जीव अडकला तरी ती गाडी स्पेअरसाठीच घ्या.

आता गाडी बाहेर काढा, पण किक मारू नका

सगळे हीच घाई करतात. शेडमधनं काढली की दोन माणसं धरतात आणि तिसरा किकवर उभा राहतो. आत रिंगा गंजून सिलिंडरला चिकटलेल्या असतील तर रिंग तुटते, नाहीतर किकची आतली दाती जाते, आणि जावा-येझदीत किक आणि गिअर एकच दांडा आहे, त्यामुळं तिथलं नुकसान महागात पडतं.

आधी फोटो काढा, सगळ्या बाजूंनी, वायर कुठनं कुठं जाते, केबल कशाच्या वरनं गेलीय, कुठला वॉशर कुठं आहे. मग झिपलॉक पिशव्या आणि मार्कर, निघालेला प्रत्येक बोल्ट कुठला ते लिहून पिशवीत. गंजका बोल्टसुद्धा टाकून देऊ नका, त्याचे आटे आणि लांबी नवा आणताना लागते.

नंतर प्राणी. सायलेन्सरच्या तोंडात, पेट्रोल कॉकच्या नळीत, कार्बोरेटरच्या तोंडाशी कुंभारमाशीची मातीची घरं असतात, एअर फिल्टरच्या डब्यात उंदराचं घरटं असतं. हे आधी सगळं बाहेर काढा, ती माती एकदा इंजिनात ओढली गेली की सिलिंडरवर चरे. सीटखाली हात घालायच्या आधी काठीनं आपटून घ्या, हे थट्टेनं सांगत नाहीये.

आता प्लग काढा. कडक असेल तर आदल्या रात्री गंज सोडवायचा स्प्रे मारून ठेवा, हेड ॲल्युमिनियमचं आहे, जोर केला तर आटे प्लगसोबत बाहेर येतात. प्लगच्या भोकातनं टॉर्च मारून आत बघा, पिस्टनवर लाल गंज किंवा पाणी दिसतंय का. मग डिझेल आणि एटीएफ म्हणजे पॉवर स्टिअरिंगला घालतात ते लाल ऑइल, निम्मं निम्मं, एक अर्धा कप आत ओता आणि गाडी दोन-चार दिवस तशीच सोडा. रोज थोडं थोडं टाकत राहा.

मग उजव्या बाजूचं कव्हर खोला, आत डायनॅमो म्हणजे वीज बनवणारा भाग आहे. मधल्या बोल्टवर पाना लावून अगदी थोडं पुढं, थोडं मागं, असं हलवून बघायचं. हललं की लगेच पूर्ण फिरवायची घाई नको, जेवढं हलतं तेवढंच मागंपुढं करत, ऑइल टाकत वाढवत न्यायचं. नाहीच हललं तर शेवटच्या गिअरला टाकून मागचं चाक हातानं मागंपुढं ढकलायचं. आठवडाभर करूनही दगडासारखं असेल तर मग हेड आणि सिलिंडर खोलावंच लागणार, पण हातोडा नाही, सिलिंडर वर खेचायला लाकडाचा तुकडा आणि धीर.

इंजिन फिरायला लागलं की दोन गोष्टी ठरवायच्या. एक, कनेक्टिंग रॉड. पिस्टन वर आणून, रॉड सरळ वर-खाली ढकलून बघा (सिलिंडर काढलेला असेल तर सोपं), वर-खाली अजिबात खेळ नको, डावी-उजवीकडं थोडा असतो तो चालतो. वर-खाली टकटक वाजलं तर क्रँक लेथवाल्याकडं, बिग एंडचं म्हणजे रॉडच्या खालच्या टोकाच्या बेअरिंगचं किट टाकून प्रेसवर बसवून आणि क्रँक सरळ करून. दोन, सिलिंडरची भिंत. नखानं चरा लागतो का बघा. नख अडकलं तर बोअर करून, म्हणजे सिलिंडर आतनं थोडा मोठा कापून, ओव्हरसाइज पिस्टन, नाहीतर नुसत्या नव्या रिंगा आणि होनिंग, म्हणजे भिंत हलकी घासून घेणं. बोअरला देताना आधी पिस्टन हातात घ्या आणि मग त्याच्या मापानं बोअर करायला सांगा, उलटं करू नका. कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा पुण्यात या कामाचे जुने जाणते कारागीर आहेत, त्यांना गाडीचं नाव सांगितलं की क्लिअरन्स म्हणजे पिस्टन आणि भिंतीमधली फट किती ठेवायची ते त्यांच्या हातात असतं, तरी मोजून घ्यायला लाजू नका.

आणि खोलायची गरज नसेल तर खोलू नका. मोकळं फिरतंय, कॉम्प्रेशन जाणवतंय, रॉड वाजत नाही, तर आधी त्याच इंजिनवर गाडी चालू करून बघा. जुनं कारखान्यातलं बसलेलं पॅकिंग आणि फिटिंग उगाच फोडण्यात काही शहाणपण नाही.

टाकी आणि पेट्रोल

टाकीतलं जुनं पेट्रोल ओतून काढा, वास घेतला की कळेल, वार्निशसारखा आंबट वास येतो. ते दुसऱ्या गाडीत घालू नका. आतमध्ये टॉर्च मारा, पण काडीपेटी, लायटर, हीट गन काहीही जवळ नको, रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची असते. टाकीला भोक असेल तर वेल्डिंगवाल्याकडं देताना आत पेट्रोल होतं हे स्पष्ट सांगा, गरम पाणी आणि साबणानं दोनचार वेळा धुऊन, वाळवून मगच.

गंज काढायला महागडं काही लागत नाही. किराणावाल्याकडं लिंबूसत्व मिळतं म्हणजे सायट्रिक ॲसिड, गरम पाण्यात लिटरला साधारण १०० ग्रॅम विरघळवून टाकी गळ्यापर्यंत भरा, कॉकच्या जागी बूच मारा, एक दिवस ठेवा. आत एक जुनी चेन किंवा मूठभर नट टाकून हलवलं तर पापुद्रे सुटतात, किती टाकले ते मोजून ठेवा आणि तेवढेच बाहेर आले का बघा. मग ओतून, खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानं धुवायचं, परत साध्या पाण्यानं, आणि लगेच, म्हणजे अगदी लगेच वाळवायचं, कारण साफ झालेला लोखंडी पत्रा अर्ध्या तासात पुन्हा लाल व्हायला लागतो. हेअर ड्रायर किंवा व्हॅक्यूम क्लीनरची उलटी हवा, आणि मग थोडं टूटी म्हणजे टू स्ट्रोकचं ऑइल आणि पेट्रोल आत फिरवून सगळीकडं लावून घ्या. टाकीचा बाहेरचा मूळ रंग आणि पिन-स्ट्राइप चांगली असेल तर ॲसिडचा ओघळ येणार नाही हे बघा, आधी बाहेरून ग्रीस किंवा प्लास्टिक लावा. मूळ रंग एकदाच असतो.

पेट्रोल कॉक खोलून आतली बुचं, जाळी बदला, पाइप नवा टाका, आणि पाइप घेताना इथेनॉल चालणारा घ्या. आता पंपावर जे मिळतं त्यात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, या गाड्या बनल्या तेव्हा ते नव्हतं, जुनं रबर, फायबरचे वॉशर फुगतात, आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. कोकणात किंवा मुंबईच्या दमट हवेत महिनाभर गाडी उभी राहिली तर टाकीच्या तळाशी पाणी साचायला लागतं. म्हणून उभी ठेवायची असेल तर टाकी रिकामी किंवा काठोकाठ, अर्धवट नको.

कार्बोरेटर पूर्ण खोला. जुन्या जावाला जिकॉव्हचं असतं. जेट काढून पेट्रोलमध्ये बुडवा, कार्ब क्लीनर मारा, हवेनं उडवा, डोळ्यासमोर धरून आरपार उजेड दिसला पाहिजे. जेटच्या भोकात तार घालू नका, पितळ मऊ असतं, भोक मोठं झालं की गाडी कायमची जास्त पेट्रोल पिणार. अगदीच बसलं असेल तर नायलॉनचा ब्रशचा केस. फ्लोट पाण्यात बुडवून बघा, आत पेट्रोल शिरलं असेल तर तो तरंगत नाही, कार्ब ओव्हरफ्लो होत राहतं. सुई, पॅकिंग नवी.

आणि हे टू स्ट्रोक आहे, ऑइल पंप नाही, ऑइल पेट्रोलमध्येच मिसळायचं. पहिल्या टाकीला लिटरला ५० मिली म्हणजे १:२०, नवीन बोअर असेल तर नक्कीच, मग पुढं ४० मिली. धूर थोडा जास्त होतो म्हणून कमी करू नका. बाटलीत मिसळून, हलवून मगच टाकीत ओता, नुसतं वरनं ऑइल ओतलं तर ते तळाला बसतं आणि पहिला घोट सगळा ऑइलचाच जातो.

स्पार्क

इथं एक गोष्ट नीट समजून घ्या, आरएक्स १०० किंवा राजदूतवरनं आलेल्यांची इथं फसगत होते. जुन्या जावा-येझदीला डायनॅमो आणि ६ व्होल्टची बॅटरी आहे, आणि स्पार्क बॅटरीवरनं येतो. बॅटरी मेलेली असेल तर किक मारून पाय मोडला तरी ठिणगी पडणार नाही. म्हणून आधी ६ व्होल्टची चांगली चार्ज केलेली बॅटरी. १२ व्होल्टची लावून 'बघू तरी' करू नका, कॉइल आणि बल्ब जातील.

मग पॉइंट, म्हणजे उघडझाप करून ठिणगी पाडणारा छोटा स्विच. वर्षानुवर्षं बंद राहिल्यावर पॉइंटच्या तोंडावर पातळ थर बसतो, दिसत नाही पण करंट जात नाही. ६०० नंबरचा पॉलिश पेपर दुमडून मधनं ओढा, मग पेट्रोलनं पुसा, शेवटी कोरा कागद ओढून घ्या. पॉइंट पूर्ण उघडा असताना मधली फट फिलर गेजनं ०.४ मिमी. कंडेन्सर नवाच टाका, जुना चालत असला तरी गरम झाल्यावर दगा देतो, आणि ती खूण म्हणजे गाडी थंड असताना मस्त, दहा मिनिटांनी फटफट करून बंद, अर्ध्या तासानं पुन्हा चालू. लोक कार्ब खोलत बसतात आणि दोष कंडेन्सरचा असतो.

टायमिंगसाठी, म्हणजे ठिणगी कधी पडते ते जुळवायला, पॉइंट उघडायचा नेमका क्षण पकडायचा असतो. पॉइंटमध्ये सिगारेटचा पातळ कागद धरून हलकं ओढत, डायनॅमो हळू फिरवा, कागद सुटला तिथं पॉइंट उघडला. त्या वेळी पिस्टन वरच्या टोकापासून किती मिलिमीटर खाली आहे ते प्लगच्या भोकातनं डेप्थ गेज किंवा व्हर्नियरनं मोजा आणि तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमधल्या आकड्याशी जुळवा. जुनी जावा आणि येझदीच्या रोडकिंग मॉडेलचा आकडा एकच धरू नका. अंदाजानं टायमिंग जास्त आगाऊ राहिलं तर किक उलटी मारते आणि पिस्टनला भोक पडायची पाळी येते.

प्लग नवा, गॅप ०.६ मिमी. हेडला टेकवून किक मारली तर निळसर, टणक आवाजाची ठिणगी हवी, पिवळी लुळी असेल तर परत बॅटरी, अर्थिंग, कॉइल या क्रमानं जा. ६ व्होल्टमध्ये अर्थिंग फार महत्त्वाचं, गंजका जोड थोडासा व्होल्टेज खातो आणि तेवढ्यानंच स्पार्क मरतो. फ्रेमला जिथं जिथं वायर टेकते तिथला गंज खरवडून चमकवा.

१२ व्होल्ट आणि सीडीआयचं (पॉइंटशिवाय चालणाऱ्या इलेक्ट्रॉनिक इग्निशनचं) किट मिळतं, हेडलाइटला खरंच फरक पडतो, रात्री चालवणाऱ्यानं जरूर विचार करावा. पण माझं मत असं की आधी गाडी मूळ पॉइंटवर चालू करा. मूळ सिस्टिम समजली की किट बसवायचं का नाही ते तुम्हीच ठरवाल, आणि बसवलं तरी जुने भाग तेल लावून जपून ठेवा.

पहिल्यांदा चालू करताना

गिअरबॉक्सचं ऑइल आधी बदला, क्लच आणि गिअर दोन्ही त्यातच, साधारण एक लिटर. आतनं दुधासारखं पांढरं निघालं तर पाणी गेलेलं आहे, थोडं डिझेल-ऑइल फिरवून परत काढा. कारचं भारीतलं सिंथेटिक ऑइल घालू नका, क्लच घसरतो. तसंही जुन्या कॉर्कच्या क्लच प्लेटा उभ्या राहून एकमेकींना चिकटलेल्या असतात, क्लच लिव्हर दाबून दोरीनं हँडलला बांधून रात्रभर ठेवा आणि सकाळी गिअरमध्ये टाकून गाडी ढकला, बऱ्याचदा सुटतात. नाही सुटल्या तर डावं कव्हर खोलून हातानं.

गाडी उघड्यावर आणा, शेडमध्ये नाही. पेट्रोल चालू, टिकलर म्हणजे कार्बवरचं दाबायचं बटण असेल तर पेट्रोल दिसेपर्यंत दाबा, खिळ्यासारखी ती चावी आत, गिअरचा दांडा आत दाबून वर फिरवला की किक. चालू झाली की पहिली पाच मिनिटं भयंकर धूर येणार, ते आत ओतलेलं डिझेल आणि ऑइल जळतंय, घाबरू नका.

घाबरायचं ते वेगळ्या गोष्टीला. थ्रॉटल सोडलेला असून आवाज आपोआप वाढत चालला, तर कुठनं तरी जास्तीची हवा ओढतंय, बहुतेक क्रँकच्या उजव्या बाजूचं ऑइल सील किंवा सिलिंडरखालचं पॅकिंग. लगेच चावी बंद, तरी थांबली नाही तर जाड फडक्यानं कार्बचं तोंड दाबायचं. असं इंजिन तसंच चालवलं तर पातळ मिश्रणानं, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी पडून, पिस्टन जाम होतो. उलट पांढरा दाट धूर थांबतच नाही, प्लग ओला, आणि गिअर ऑइल कमी होत चाललंय, तर डाव्या बाजूचं सील गेलंय, गिअरबॉक्सचं ऑइल आत ओढलं जातंय. वीस वर्षं उभ्या गाडीची ही दोन्ही सीलं कडक झालेलीच असतात. खरं सांगायचं तर इंजिन कुठल्याही कारणानं खोललं तर ती नवी टाकूनच बंद करा.

गाडी चालते पण ओढत नाही, तर सायलेन्सर. आतल्या बॅफलवर म्हणजे भोकं असलेल्या नळीवर काजळीचा जाड थर बसतो, काही वेळा भोकंच बंद. बॅफल बाहेर काढून कॉस्टिक सोड्यात किंवा जाळून साफ करा. कॉस्टिक वापरताना हातमोजे, चष्मा, आणि सोडा पाण्यात टाकायचा, पाणी सोड्यात नाही. सिलिंडरच्या एक्झॉस्ट पोर्टमधली काजळी लाकडी पट्टीनं खरवडा.

थांबवणारे भाग

आता खरं मन लावायची जागा. इंजिन चालू झालं की सगळ्यांना चक्कर मारायची असते, आणि टायर अजून वीस वर्षांपूर्वीचे असतात. टायरच्या बाजूवर चार आकडी कोड असतो, २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. तीनच आकडे असतील तर तो टायर २००० सालाच्या आधीचा आहे. नक्षी कितीही ताजी दिसली तरी रबर लाकूड झालेलं असतं, टायर, ट्यूब, रिमची पट्टी सगळं नवीन. जुन्या जावाला ३.२५-१६ लागतो, रोडकिंगला १८ इंची. आऱ्या एकेक करून पेचकसनं वाजवा, बद्द वाजणारी ढिली आहे.

दोन्हीकडं ड्रम ब्रेक. ड्रम खोलल्यावर आतली धूळ तोंडानं किंवा हवेनं उडवू नका, जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं, ओल्या फडक्यानं पुसा. लायनर काचेसारखे चकचकीत झाले असतील तर खरखरीत पेपरनं घासा, तडा गेला असेल किंवा ग्रीस प्यायले असतील तर नवे लायनर मारून घ्या. ब्रेकचा कॅम बऱ्याचदा गंजून अडकलेला असतो, तो काढून साफ करून ग्रीस लावा, ब्रेक लागतो पण सुटत नाही त्याचं कारण तेच. केबली सगळ्या नव्या, क्लच, ब्रेक, ॲक्सिलेटर. केबल स्वस्त असते आणि जुनी कधी तुटेल याचा भरवसा नाही.

जावाची चेन पूर्ण झाकलेल्या केसमध्ये असते त्यामुळं कुणी बघतच नाही. कव्हर खोला, चेन काढून रॉकेलमध्ये भिजवा, कडी अडकत असेल तर बदला. चाकाच्या आणि हँडलच्या बेअरिंगमधलं ग्रीस मेण झालेलं असतं, काढून नवं. पुढच्या शॉकअपमधलं ऑइलही बदला, सीलं गळत असतील तर तेल थेट ब्रेकवर उतरतं.

स्पेअर पुण्यात नाना पेठेत, मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडला, ऑपेरा हाउसकडं शोधा. पण नवीन बनवलेला पार्ट आणि जुना कंपनीचा पार्ट यात जमीन-अस्मानाचा फरक असतो, विशेषतः गिअर, क्लचची दाती आणि पॉइंट. जुना मूळ पार्ट थोडा झिजलेला असला तरी बऱ्याचदा नव्या नकलेपेक्षा चांगला, म्हणून मिस्त्री 'टाकून द्या साहेब, नवीन घालू' म्हणाला तरी जुना घरी घेऊन या. जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा डे असतो, पुण्या-मुंबईसारख्या शहरांत लोक गाड्या घेऊन जमतात, तिथं जा. कुठला मिस्त्री अजून मन लावून काम करतो आणि कुणाकडं जादा क्रँक पडलाय हे तिथं अर्ध्या तासात कळतं.

रस्त्यावर

इन्शुरन्स, पीयूसी, एचएसआरपी म्हणजे हाय सिक्युरिटी नंबरप्लेट, पासिंग, हे झाल्याशिवाय गल्लीच्या बाहेर नको, थर्ड पार्टी इन्शुरन्स नसताना कुणाला लागलं तर ते आयुष्यभराचं होईल.

पहिल्या चकरा घराजवळ, सोबत प्लग, प्लगपाना, पेचकस, थोडं ऑइल. परत आल्यावर इंजिन थंड झालं की हेडचे नट समोरासमोर, थोडे थोडे करून पुन्हा आवळा, गरम-थंड होऊन पहिल्यांदा सैल होतातच. प्लग काढून रंग बघा, कॉफी रंगाचा हवा. पांढरा म्हणजे मिश्रण पातळ, पुढं जाऊ नका. काळा ओला म्हणजे पेट्रोल किंवा ऑइल जास्त, त्यानं गाडी मरत नाही.

नवीन बोअर असेल तर पहिले ५०० किलोमीटर मोठा गिअर आणि कमी स्पीड असं रेटू नका, आणि एकसारख्या फुल थ्रॉटलवरही नको. हायवेला चालवताना दोन बोटं क्लचवर ठेवायची सवय लावा. इंजिन एकदम जड झाल्यासारखं वाटलं, आवाजाचा सूर बदलला, की तत्क्षणी क्लच दाबा, पिस्टन जाम होतोय.

आणि घाट. चारस्ट्रोकवाले खंबाटकी किंवा कात्रज उतरताना गिअरमध्ये थ्रॉटल बंद करून इंजिन ब्रेकवर उतरतात, ते बरोबरच आहे, पण इथं ऑइल पेट्रोलसोबतच आत जातं. थ्रॉटल बंद म्हणजे पेट्रोल बंद म्हणजे ऑइल बंद, आणि आरपीएम मात्र चढलेले. म्हणून उतारावर मधूनमधून क्लच दाबून ॲक्सिलेटर थोडा उघडायचा, एक घोट ऑइल आत जाऊ द्यायचं, आणि वेग ब्रेकनं सांभाळायचा. ड्रम गरम होऊन ब्रेक मऊ पडल्यासारखे वाटले तर बाजूला घेऊन दहा मिनिटं थांबा.

५०० किलोमीटर झाले की गिअर ऑइल पुन्हा बदला, पहिल्या ऑइलबरोबर आतला सगळा सुटलेला गाळ येतो. पॉइंटचा गॅप परत बघा, नवीन पॉइंटचा टाचेचा भाग सुरुवातीला पटकन झिजतो आणि गॅप कमी होतो. स्पोक परत एकदा वाजवून बघा. हे सगळं जागेवर असलं आणि दोन-तीन महिने गाडी नीट चालली, की मग रंगवाल्याकडं जा, आणि तेव्हासुद्धा टाकीवरचा मूळ रंग पॉलिश केल्यावर निघतोय का ते आधी बघा.